कोनीच बसेल नही

पुढच्या खोलीतलं काचेचं कपाट
मुळात माझ्या माहेरच्या भांड्यांसाठी होतं.
आता त्यात पलटण राहते.

दोनशे अकरा शिपाई, बोटाएवढे,
काही शिशाचे, बरेचसे प्लॅस्टिकचे,
एक लाकडी, त्याचं नाक उंदरानं नेलं.
खालच्या कप्प्यात जुन्या बाजारातलं सामान:
पोचे आलेली पाण्याची बाटली,
पितळी बक्कल, कुणाची तरी शिट्टी,
आणि जेवणाचा एक डबा,
बुडाला खिळ्यानं कोरलेलं नाव, अर्धंच.
कोरता कोरता हाक आली असावी.

रंगवतात हे.
चित्रकलेचे मास्तर होते, अख्खं अमळनेर सुपडू सर म्हणतं.
विसाव्या वर्षी धुळ्याच्या भरतीतून
अर्ध्या इंचासाठी परत आले.
हे मी कुणाला सांगायचं नसतं.
सगळ्यांना माहीत आहे.

आख्खा वैशाख पंखा बंद,
वाऱ्यानं तीन केसांचा कुंचला थरथरतो.
बाहेर त्रेचाळीस,
आत आम्ही दोघं आणि ओला खाकी रंग.

श्रावणात कानबाईच्या रोटांआधी घर धुवायचं,
तेव्हा पलटण सुपात उतरते.
जुन्या दाढीच्या ब्रशनं मी एकेकाला झाडते,
कानामागे, काखेत, बंदुकीखाली.
लेकरांना न्हाऊ घातल्यासारखं वगैरे काही नाही,
भांडी घासावी तसंच.
तरी मेल्यांची तोंडं दाराकडे करून ठेवते.

मागच्या फाल्गुनात पातोंड्याचा भटू तात्या आला,
नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन.
सतरा वर्षं फौजेत होता, नायक म्हणून सुटला.
यांनी चहा गार होऊ दिला.
तात्या, फीत बरोबर आहे ना?
टोपी एवढीच झुकते ना?
तात्यानं चष्मा लावला. काढला.
धोतराच्या सोग्यानं पुसून परत लावला.
वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत बघत गेला,
डब्यापाशी जरा जास्त थांबला.

"समदं बराबर शे, सर.
पन आठे कोनीच बसेल नही."

मग म्हणाला, आम्ही तर बसलेलेच असायचो.
टपालाची वाट बघत. एकमेकांचे केस कापत.
मोजे शिवत, पाय चोळत.
बंदूक? ती बाजूला टेकलेली, कुदळीसारखी.
एक हिवाळा तर मी कांदेच सोलले,
डोळे पुसायला बरं निमित्त.
हसला, पत्रिकेला हळद लावून दिली, गेला.

रात्री यांनी मेणबत्ती पेटवली.
पहिल्याचा गुडघा तुटला.
दुसरा वितळून ठिपका झाला,
वास दोन दिवस गेला नाही.
तिसरा मात्र वाकला,
पंगतीत म्हातारं माणूस बसतं तसा,
आधी अर्धा, मग एकदम.
ब्लेडनं बंदूक काढली,
तर हात रिकामे राहिले, पुढे धरलेले,
काही मागितल्यासारखे.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
नखं कापायची कात्री घेतली,
तात्याच्या पत्रिकेचा तांदळाएवढा तुकडा कापला.
त्यावर छापील अक्षर आलं एकच: चि.
टाचणीच्या टोकानं डिंक लावून
त्याच्या हातात दिलं.

हे बघत राहिले.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
बसलेल्या माणसाची उंची कुणी मोजत नाही.
आणि उठून स्वतःच पंखा लावला.

आता दोनशे नऊ. मी मोजले.
तो खालच्या कप्प्यात असतो,
त्या डब्याला पाठ टेकून.
बाकीच्यांना झाडते मी,
त्याच्यावर फुंकरही घालत नाही.
पत्र उडेल.